लढाऊ विमानांचा हिशेब उमेदवारांना विचारावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लोकसभेच्या निवडणुकीला अजून बराच अवकाश आहे आणि नेमक्या त्याच कारणासाठी हे पत्र आता लिहीत आहे. प्रचाराचे भोंगे सुरू झाले की लढाऊ विमानांविषयी विचारलेला कोणताही प्रश्न एक तर सत्ताधाऱ्यांच्या बाजूचा ठरतो किंवा विरोधकांच्या, आणि विचारणाऱ्याला उत्तर मिळण्याऐवजी त्याच्या देशभक्तीची चौकशी सुरू होते. ती चौकशी माझी एकदा झालेली आहे, म्हणून सांगतो.

मी सहकार खात्यातून निवृत्त झालेला लेखापरीक्षक आहे. निफाड आणि आसपासच्या तालुक्यांतील विविध कार्यकारी सोसायट्यांची दप्तरे तपासण्यात माझी नोकरी गेली. चारशे रुपयांचे व्हाउचर सापडले नाही तरी आम्ही आक्षेप नोंदवत असू, सचिवाला दोष दुरुस्ती अहवाल द्यावा लागे आणि वार्षिक सभेत तो वाचला जाई. सभासदांपैकी निम्मे लोक पेंगत असत हे खरे. पण एखादा म्हातारा शेतकरी हातातली अहवालाची घडी उलगडून उठत असे आणि ‘मागल्या साली हाच खर्च निम्मा होता, यंदा दुप्पट कसा?’ असे विचारत असे. त्या वेळी चेअरमनने ‘तुमचा सोसायटीवर विश्वास नाही का?’ असे म्हटल्याचे मला आठवत नाही. तसे म्हटले असते तर सभा उधळली गेली असती.

मे २०२४ मध्ये आमच्या गावच्या पारावर एक उमेदवार मते मागायला आले होते. निर्यातबंदी नुकतीच उठली होती, पण ४० टक्के शुल्क आणि टनाला ५५० डॉलरचे किमान निर्यात मूल्य लागूच होते, त्यामुळे लोक कांद्यावरूनच तापलेले होते. उमेदवारांनी त्यावर उत्तरे दिली; पटणारी होती की नाही हा भाग वेगळा, परंतु क्विंटल, डॉलर, टक्के सगळे आकडे त्यांच्या जिभेवर होते. मग मी उठलो. आमच्या भागात ओझरचा कारखाना आहे. सरकारी दप्तरी त्याचे नाव हिंदुस्थान एरोनॉटिक्स असले तरी आम्ही आजही ‘ओझर मिग’च म्हणतो, कारण मिग-२१ बांधण्यासाठीच तो साठच्या दशकात उभा राहिला. पुढे मिग-२७ आणि सुखोई-३०ही तिथेच बांधली गेली. मी एवढेच विचारले, की फेब्रुवारी २०२१ मध्ये याच कंपनीशी ८३ देशी तेजस मार्क-१ए विमानांसाठी सुमारे ४८,००० कोटी रुपयांचा करार झाला, त्यातले पहिले विमान मार्च २०२४ पर्यंत हवाई दलाला मिळायचे होते, ते का मिळाले नाही आणि तुम्ही निवडून आलात तर याविषयी संसदेत काय विचाराल? उमेदवार क्षणभर थांबले, शेजारच्या कार्यकर्त्याकडे पाहून हसले आणि म्हणाले, ‘काका, तुमचा सैन्यावर विश्वास नाही का?’ टाळ्या पडल्या. मी खाली बसलो.

त्यानंतर बरोबर वर्षभराने, मे २०२५ मध्ये, हवाई दल प्रमुख एअर चीफ मार्शल अमरप्रीत सिंग यांनी दिल्लीत उद्योजकांसमोर उघडपणे सांगितले, की संरक्षण खरेदीतला एकही प्रकल्प वेळेवर पूर्ण झाल्याचे आपल्याला आठवत नाही. जी तक्रार खुद्द हवाई दलाचा प्रमुख माइकसमोर उभा राहून करतो, तीच मतदाराने पारावर केली तर तो सैन्याचा अपमान कसा ठरतो, हे मला त्या उमेदवारांकडून समजून घ्यायचे आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये संरक्षणमंत्र्यांच्या उपस्थितीत ओझरच्या नव्या उत्पादन साखळीतून पहिले तेजस उडाले आणि आम्हा सर्वांना त्याचा अभिमान वाटला; मात्र त्या दिवसापर्यंत ८३ पैकी एकही मार्क-१ए हवाई दलाच्या ताब्यात गेलेले नव्हते, आणि त्याच्या तीनच आठवडे आधी आणखी ९७ विमानांचा ६२,३७० कोटी रुपयांचा दुसरा करार झालेला होता. उशिराचे मोठे कारण अमेरिकन कंपनीकडून इंजिने न मिळणे हे होते. ९९ इंजिनांची मागणी २०२१ मध्ये नोंदवली गेली आणि पहिले इंजिन मार्च २०२५ मध्ये आले. कारण खरेच असेल. पण करारात उशिरासाठी दंडाची तरतूद होती का, असल्यास ती वापरली का आणि पहिली मागणी पुरी होण्याआधी दुसरी देताना काय विचार केला गेला, हे प्रश्न शत्रूला उपयोगी पडणारे नाहीत. ते कोणत्याही ठेकेदाराला विचारायचे प्रश्न आहेत.

गैरसमज नको म्हणून स्पष्ट करतो, की विमाने घेऊ नयेत असे माझे म्हणणे नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ निवृत्त झाल्यावर हवाई दलाकडे ४२ मंजूर स्क्वाड्रनपैकी, म्हणजे लढाऊ विमानांच्या तुकड्यांपैकी, २९ उरल्या. म्हणजे विमाने हवीत, लवकर हवीत आणि पुष्कळ हवीत. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात विमाने आणि त्यांची इंजिने यांसाठी ४८,६१४ कोटी रुपये भांडवली तरतूद होती, म्हणजे दिवसाला साधारण १३३ कोटी. एवढ्या रकमेविषयी आपण मतदार म्हणून जी काही चर्चा करतो ती बहुधा विमानाच्या फोटोवर येऊन थांबते.

किमतीविषयी बोलताना तर आपली दिशाभूल किती सहज होते याचे राफेल हे उत्तम उदाहरण आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये ३६ विमानांसाठी फ्रान्सशी सुमारे ५९,००० कोटी रुपयांचा करार झाला. त्यानंतर दोन महिन्यांनी संरक्षण राज्यमंत्री डॉ. सुभाष भामरे यांनी, जे आमच्या शेजारच्या धुळ्याचे खासदार होते, संसदेत लेखी उत्तर दिले की एका विमानाची किंमत साधारण ६७० कोटी रुपये आहे. आता ६७० गुणिले ३६ केले तर २४,१२० कोटी होतात. उरलेले सुमारे ३५,००० कोटी क्षेपणास्त्रे, भारतासाठी केलेले खास बदल, सुटे भाग, देखभाल आणि तळावरच्या सोयी यांचे. ही सामग्री वगळून ती किंमत दिली होती, असे पुढे सांगण्यात आले. यात लपवाछपवी आहे असे मी म्हणत नाही. नुसता ट्रॅक्टर सात लाखांचा आणि ट्रॉली, रोटाव्हेटर, विमा धरून अकरा लाखांचा हे आमच्याकडे कोणालाही समजते. पण २०१९ च्या प्रचारात एका बाजूने नुसत्या ट्रॅक्टरचा भाव सांगितला आणि दुसऱ्या बाजूने रोटाव्हेटरसकटचा, आणि दोघेही एकमेकांना खोटे म्हणत राहिले. कोणत्या भावाची कोणत्या भावाशी तुलना चालली आहे, एवढे विचारणारा मतदार सभेत असता तर अर्धी भाषणे तिथेच थांबली असती. २०१६ मध्ये सांगितलेली किंमत २०१८ मध्ये मात्र फ्रान्सबरोबरच्या २००८ च्या गोपनीयता कराराचा हवाला देऊन सांगायची नाही असे ठरले. आधी सांगितलेली गोष्ट नंतर गुपित कशी होते, हे माझ्या लेखापरीक्षकी डोक्यात अजून शिरलेले नाही.

याच प्रकरणात हिशेबनिसांच्या हिशेबाचेही काय झाले ते आठवावे. डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चौकशीच्या याचिका फेटाळताना निकालपत्रात म्हटले, की महालेखापरीक्षकांचा अहवाल संसदेच्या लोकलेखा समितीने तपासला आहे. त्या दिवशी असा अहवाल संसदेपुढे आलेलाच नव्हता. दुसऱ्याच दिवशी सरकारने दुरुस्तीचा अर्ज केला. सरकारने न्यायालयाला बंद लिफाफ्यात दिलेल्या टिपणात रीत काय असते ते सांगितले होते, ते घडून गेले असे वाचले गेले, असा त्यातला युक्तिवाद होता. म्हणजे क्रियापदाच्या काळाची चूक. पुनर्विचार याचिकाही न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये फेटाळल्या, त्यामुळे न्यायालयापुरता तो विषय मिटला. पण अहवाल संसदेत आला तो १३ फेब्रुवारी २०१९ रोजी, सोळाव्या लोकसभेच्या शेवटच्या अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी. ३६ विमानांचा करार आधीच्या १२६ विमानांच्या प्रस्तावापेक्षा २.८६ टक्क्यांनी स्वस्त पडला असे त्यात म्हटले होते, मात्र मूळ किमतींचे आकडे झाकलेले होते. टक्का दिसतो, पण तो कशाचा टक्का हे दिसत नाही, असा अहवाल माझ्या नोकरीच्या काळात मी वरिष्ठांकडे पाठवला असता तर तो शेऱ्यासह परत आला असता. त्या अहवालात लक्ष देण्यासारखी आणखी एक गोष्ट होती. कंपनीने विमाने दिली नाहीत तर भरपाईची हमी म्हणून बँक हमी किंवा फ्रेंच सरकारची सार्वभौम हमी घेण्याऐवजी केवळ आश्वासनाचे पत्र घेतले गेले, हे त्यात नोंदवले होते. सर्व ३६ विमाने डिसेंबर २०२२ पर्यंत आली, ही चांगली गोष्ट झाली. पण तारण न घेता दिलेले कर्ज फिटले म्हणून तारण न घेणे बरोबर होते असे कोणती सोसायटी म्हणेल?

राफेल सोडले तर आमच्या महाराष्ट्रात लष्करी विमाने राजकीय भाषणांत गाजली ती एकदाच, आणि तीही भलत्याच अंगाने. ऑक्टोबर २०२२ मध्ये टाटा-एअरबसचा सी-२९५ मालवाहू विमानांचा प्रकल्प नागपूरला न येता वडोदऱ्याला गेला, तेव्हा कोणी पळवला आणि कोणी पळवू दिला यावर महिनोन्‌महिने वाद झाले. ५६ विमानांसाठी २१,९३५ कोटी ही किंमत योग्य की अयोग्य, यावर दोन्ही बाजूंच्या एकाही नेत्याचे वाक्य माझ्या वाचनात आले नाही. कारखाना आपल्या जिल्ह्यात हवा हे कोणालाही वाटणार, मलाही वाटते. नागपूरच्या मिहानमध्ये राफेलच्याच कंपनीच्या भागीदारीतला कारखाना उभा राहिला याचा मला आनंदच आहे. परंतु ज्या ऑफसेटच्या अटीमुळे परदेशी कंपन्यांनी इथे गुंतवणूक करायची असते, त्या अटीचे पालन कितपत होते हे उमेदवारांना विचारले पाहिजे. महालेखापरीक्षकांच्या सप्टेंबर २०२० च्या अहवालानुसार डिसेंबर २०१८ पर्यंत परदेशी कंपन्यांनी १९,२२३ कोटी रुपयांची ऑफसेट जबाबदारी पुरी करायला हवी होती. त्यांनी ११,३९६ कोटींची पुरी केल्याचा दावा केला आणि संरक्षण मंत्रालयाने मान्य केले ते त्यातले ५,४५७ कोटी. यातले बरेच करार एका आघाडीच्या सरकारने केलेले आहेत आणि वसुली ढिली राहिली ती दुसरीच्याही काळात. म्हणूनच हा प्रश्न कोणत्याही पक्षाच्या उमेदवाराला निर्धास्तपणे विचारता येतो.

आता दुसऱ्या हिशेबाकडे वळतो. पैशाचा हिशेब असतो तसा घटनेचाही हिशेब असतो आणि तोही मतदाराला उशिरा, तुकड्यातुकड्यांनी मिळतो. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी काश्मिरात बडगामला हवाई दलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळून हवाई दलाचे सहा जण आणि एक नागरिक मृत्युमुखी पडले. त्यातले एक स्क्वाड्रन लीडर आमच्या नाशिकचे होते; त्यांच्या अंत्ययात्रेला लोटलेली गर्दी मी पाहिली आहे. नाशिकचे मतदान २९ एप्रिलला झाले. ते हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडले आणि ती मोठी चूक होती, असे हवाई दल प्रमुखांनी ऑक्टोबरमध्ये जाहीरपणे मान्य केले. चौकशीला वेळ लागतो हे मला कळते आणि चूक मान्य करणाऱ्या अधिकाऱ्याविषयी आदरही वाटतो. तरीही मधल्या काळात, हवाई दलाचे नाव घेऊन मते मागणाऱ्या प्रत्येक पक्षाच्या एकाही उमेदवाराला आम्ही नाशिककरांनी ‘आपले ते हेलिकॉप्टर कशाने पडले?’ असे विचारले नाही, ही खंत मनात राहिली आहे.

मे २०२५ मधील ऑपरेशन सिंदूरच्या वेळीही तेच झाले. पहिल्या रात्री आपली काही विमाने पडली हे संरक्षण दल प्रमुख जनरल अनिल चौहान यांनी ३१ मे रोजी मान्य केले ते सिंगापूरमध्ये, परदेशी वृत्तसंस्थेला मुलाखत देताना, आणि संख्या त्यांनी सांगितली नाही. किती पडली यापेक्षा का पडली आणि त्यातून काय दुरुस्त केले हे महत्त्वाचे, असे त्यांचे म्हणणे होते. सैनिकी दृष्टीने ते बरोबरही आहे. पण हे सिंगापूरऐवजी संसदेत का सांगता आले नसते? कारगिलच्या वेळी २७ आणि २८ मे १९९९ रोजी गमावलेली दोन विमाने आणि एक हेलिकॉप्टर यांची कबुली सरकारने तेव्हाच दिली होती, लढाई चालू असताना. युद्ध संपताच, २९ जुलैला, के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल संवेदनशील मजकूर वगळून फेब्रुवारी २००० मध्ये संसदेपुढे ठेवला गेला. त्या अहवालाने देशाच्या सुरक्षिततेचे काय नुकसान झाले, हे आजवर कोणी दाखवलेले नाही. जे वाजपेयी सरकारला सात महिन्यांत जमले ते आज का जमू नये, असे सत्ताधारी पक्षाच्या उमेदवाराला विचारावे. आणि १९६२ च्या पराभवाविषयीचा हेंडरसन-ब्रूक्स अहवाल तुमच्या पक्षाने इतकी दशके कुलपात का ठेवला, असे काँग्रेसच्या उमेदवाराला.

एक प्रसंग मात्र इतका जवळचा आहे की तो सांगितल्यावाचून राहवत नाही. ४ जून २०२४, लोकसभेच्या मतमोजणीचा दिवस. दुपारी आम्ही सगळे टीव्हीपुढे बसलो होतो, आमच्या दिंडोरी मतदारसंघाची आघाडी मोजत. अचानक मोठा आवाज झाला आणि थोड्याच वेळात फोन खणखणू लागले, की शिरसगावच्या शिवारात विमान पडले. मुले मोटारसायकली घेऊन धावली. हवाई दलाचे सुखोई-३० होते. दोन्ही वैमानिक छत्रीने उतरले आणि वाचले. शेतात जळके तुकडे लांबवर विखुरले होते आणि टीव्हीवर तोच विमान अपघात खालच्या पट्टीत एका ओळीने सरकून गेला, वर आकडे फिरतच होते. चौकशी होईल असे सांगण्यात आले. ज्याच्या रानात विमान पडते त्याला पंचनामा कळतो, चौकशीचा निष्कर्ष कळत नाही, कारण असे चौकशी अहवाल सहसा प्रसिद्ध होत नाहीत. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीच्या डिसेंबर २०२४ च्या अहवालातून एवढे समजले, की २०१७ ते २०२२ या काळात हवाई दलाचे ३४ अपघात झाले आणि त्यांपैकी अनेक मानवी चुकीमुळे. ही माहिती बाहेर आली ती खासदारांच्या समितीमुळे, हे लक्षात घ्यावे. म्हणजे खासदाराने विचारले तर मिळते.

आणि खासदार किती विचारतात? २०२३ साली सुमारे ४५ लाख कोटींच्या अर्थसंकल्पातल्या सर्व खात्यांच्या खर्चाच्या मागण्या लोकसभेत चर्चेविना, आवाजी मतदानाने मंजूर झाल्या. संरक्षणाच्या मागण्याही त्यातच आल्या. आमच्या सोसायटीच्या सभेत चहा-बिस्किटांच्या खर्चावर यापेक्षा अधिक वेळ जातो.

प्रश्न विचारल्याने सत्ताधारी पक्ष निवडणूक हरतोच ही भीतीही निराधार आहे. कॅनडात २०१० मध्ये सरकारने ६५ एफ-३५ विमाने सुमारे ९ अब्ज डॉलरना घेण्याचे जाहीर केले. मार्च २०११ मध्ये संसदेच्या अर्थसंकल्प अधिकाऱ्याने तीस वर्षांचा एकूण खर्च २९ अब्जांवर जाईल असे सांगितले, खर्चाची कागदपत्रे संसदेला न दिल्यावरून सरकारवर अवमानाचा ठराव होऊन निवडणूक लागली आणि विमानाची किंमत प्रचाराचा विषय झाली. गंमत अशी, की तोच पक्ष बहुमताने परत आला. मात्र पुढल्या वर्षी तिथल्या महालेखापरीक्षकांनी, खात्याला २५ अब्जांचा अंदाज आधीच ठाऊक होता हे उघड केले आणि त्याच सरकारला खरेदी थांबवून नव्याने विचार करावा लागला.

माझी आपल्याला विनंती अशी, की पुढील लोकसभा निवडणुकीत आपल्या वृत्तपत्राने नाशिक आणि दिंडोरीच्या प्रत्येक उमेदवाराला लेखी प्रश्न पाठवावेत. कोणत्या विमानात कोणते रडार बसवले हे विचारू नये. ते आम्हाला कळायचे नाही आणि कळूही नये. जाहीर झालेली किंमत नुसत्या विमानाची की तीस-चाळीस वर्षांच्या देखभालीसह, ठरलेल्या तारखेला न आलेल्या विमानांबद्दल कोणाकडून किती दंड वसूल झाला, संरक्षणाच्या मागण्यांवर चर्चा झाल्याशिवाय मत देणार नाही असे तुम्ही लिहून देता का, आणि युद्धानंतर सहा महिन्यांत वगळलेल्या मजकुरासह का होईना अहवाल संसदेत ठेवावा यासाठी तुम्ही स्वतःच्या पक्षाकडे आग्रह धराल का, एवढे पुरे आहे. उत्तरे उमेदवारांच्या सहीने आणि तारखेसह छापावीत. ज्यांचे उत्तर येणार नाही त्यांचे नाव आणि छायाचित्र तसेच छापून खालची जागा कोरी सोडावी.

आपला नम्र,
एक निवृत्त लेखापरीक्षक,
ता. निफाड, जि. नाशिक